वगळणी

दामल्यांनी ‘दोनशे चौदा, बनाबाई गेनबा ओव्हाळ’ असं वाचलं आणि सोपानच्या हातातल्या लाल पेनानं प्रुफावरचं ‘बना’ खोडून समासात ‘रतन’ लिहिलं. याला दोन सेकंदही लागले नाहीत. अकरा वर्षं तो हात हेच काम करत होता. चूक दिसली की तो सोपानच्या हुकमाची वाट बघत नसे. दामल्यांचं काम हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि सोपानचं काम त्या आवाजाबरोबर प्रुफावरून डोळा न्यायचा. दामले पुढचं नाव वाचून थांबले, चष्म्यावरून समासाकडे बघितलं आणि म्हणाले, “ओव्हाळ, कॉपीत बनाबाईच आहे हो.”

“चूक आहे. रतनबाई पाहिजे.”

“मूळ यादी न उघडता?”

“बना वारली, दामले. पाच वर्षं झाली. दोघी सख्ख्या बहिणी. थोरली वारल्यावर धाकटी त्याच घरात दिली. मीसुद्धा मागं एकदा बोलताना असंच...” दामल्यांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली, आणि सोपानचं वाक्य पुरं होत नाही असं बघून सहज म्हणाले, “खोडलंत ते वाईट केलंत. आकडा आणि नाव जुळलं नाही, तर त्या कचेरीत वगळणी धरत नाहीत. बाई वाचली असती. बाकी तुमचं सगळं गावच पळालेलं दिसतंय. एकतीस नावं! काय, पटकी आली की काय?”

जानेवारीची दुपार होती, सव्वातीन. लोकसभा वर्षभर आधीच बरखास्त झाल्यामुळं मतदार याद्यांच्या पुरवण्या घाईनं छापायच्या होत्या आणि पुण्याच्या शनिवार पेठेतल्या या छापखान्यात आठवडाभर दुसरं काहीच चाललं नव्हतं. लग्नपत्रिकासुद्धा मागं पडल्या होत्या. भोर झालं होतं, आज वेल्हे चाललं होतं. पुरवणीचे तीन भाग असतात: नवी नावं, दुरुस्त्या, वगळणी. आपल्या गावाचा भाग आला तेव्हा सोपानला बरं वाटलं होतं, आणि ते दामल्यांना सांगावं असंही वाटलं होतं. करंजदरा, मार्गासनीपासून दीड कोस. नवी नावं सात आली, दुरुस्त्या दोन. मग वगळणी सुरू झाली आणि दामल्यांच्या सपाट, कीर्तनाला बसल्यासारख्या आवाजात एकेक ओव्हाळ, एकेक रोकडे येऊ लागला. सगळे बौद्धवस्तीतले, सगळ्यांपुढं एकच शेरा, ‘स्थलांतर’. तेव्हा पहिल्यांदा काही टोचलं होतं. पण नावं कानाला इतकी सवयीची वाटत होती की टोचण्यापेक्षा सवयच जास्त जाणवली. पुढचं नाव दामल्यांनी वाचायच्या आधीच त्याला माहीत असायचं. आपलीच वस्ती, माहीत असणारच, असं त्यानं मनाशी म्हटलं. आता लाल पेन हातात तसंच धरून त्यानं हस्तलिखिताचा कागद दामल्यांच्या हातून घेतला आणि आकडे बघितले. एकशे अठ्ठ्याण्णव, मग दोनशे तीन, मग मागं एकशे पंच्याऐंशी, मग दोनशे चौदा. यादी अनुक्रमांकानं जात नव्हती. घराच्या क्रमानंही नव्हती. ती दगडूपासून सुरू होऊन वीटभट्टीवरच्या मुकादमाच्या सगळ्या माणसांत फिरून, गेनबाच्या घरावरून सखूबाईकडे जाऊन, शेवटी त्याच्या आईवर थांबत होती. हा क्रम जगात एकाच वेळी, एकाच ठिकाणी झाला होता. दिवाळीनंतरच्या रविवारी, पर्वतीच्या पायथ्याच्या त्याच्या खोलीत, त्याच्याच तोंडात.

त्या रविवारी रामभाऊ आला होता. रामभाऊ म्हणजे पाटलांच्या आळीतला, चौथीपर्यंत एका वर्गातला, आता त्याच शाळेत गुरुजी. वर्ग एक होता तरी बसायची जागा एक नव्हती. सोपान दाराशी बसे आणि रामभाऊ भिंतीला पाठ लावून. पण दाराशी बसून म्हटलेला पाढा रामभाऊ एकदा ऐकून उलटा म्हणून दाखवायचा, आणि मास्तर बाहेर गेले की दोघं एकमेकांना कोडी घालायचे. ऐकलेलं विसरायचं नाही ही रामभाऊची विद्या. सोपानला तिचं लहानपणापासून कौतुक. सदुसष्ट साली दोघांनी मिळून भोरच्या एका वकिलाचं काम केलं होतं. वकील अपक्ष उभे होते आणि त्यांची निशाणी शिडी होती. गेरूच्या डब्यात काथ्याचा कुंचला बुडवून मार्गासनीपासून पार वेल्ह्यापर्यंत ओढ्यांच्या मोऱ्यांवर दोघांनी शिड्या काढल्या. रामभाऊची शिडी सरळ यायची, सोपानची कलायची. “तुझ्या शिडीवरनं वकील पडणार,” असं रामभाऊ म्हणाला होता आणि वकील पडलेच. पण करंजदऱ्याची पेटी शिडीनं एकोणीस मतांनी जिंकली. तेव्हा पेट्या गाववार मोजत. चार लाखांच्या मतदारसंघात एकोणीस मतं म्हणजे काय? पण तालुक्याच्या पुढाऱ्याला ती एकोणीस मतं पायात मोडलेल्या काट्यासारखी लागली असं सगळे सांगत, आणि तो काटा बौद्धवस्तीचा आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी सोपानला याचा अभिमान वाटला होता. पुण्यात तो कोणालाही हे सांगायचा, दामल्यांनाही सांगितलं होतं.

तर रामभाऊ आला, जिल्हा परिषदेत काम होतं म्हणाला, आणि जेवायची वेळ होती म्हणून आईनं भाकरी टाकली. आई दसऱ्यापासून पुण्यात होती, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डोळ्यावर हिरवी पट्टी होती. पट्टी बांधूनच ती स्टोपाशी बसली होती. रामभाऊ म्हणाला, “मावशी, दोन टाका. लई दिवसांनी ज्वारीचा वास आला.” आणि तो जेवला. त्यांच्या ताटात, त्यांच्या तांब्यातलं पाणी पिऊन, वांग्याची भाजी दोनदा मागून घेऊन. गावात हे पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. गावात रामभाऊ वस्तीच्या तोंडाशी सायकलवर एक पाय टेकवून हाक मारायचा, आणि सोपान बाहेर जायचा. यात काही वाईट वाटून घ्यायचं असतं हे सोपानला कळेपर्यंतसुद्धा बरीच वर्षं गेली होती. त्या रविवारी तो रामभाऊच्या बोटांकडे बघत होता. बोटं भाकरी मोडत होती. त्याला बोलावंसं वाटत होतं, पुष्कळ बोलावंसं. रामभाऊनं विचारलं, “वस्तीत शुकशुकाट हाय हल्ली. कोण कुठं हाय रं?” आणि सोपान सांगत सुटला. दगडू भट्टीवर, उरुळीकडं. त्याची बायको, दोन भाऊ, भावजया, सगळी तिथंच. सोनबा रोकडे मुंबईला गोदीत चिकटतोय. गेनबा आणि बनाबाई लोणंदच्या बाजूला. सखूबाई लेकीच्या बाळंतपणाला. एकेक नाव घेताना त्याला आपण त्या सगळ्यांचे कोणीतरी लागतो असं वाटत होतं, आपण पुण्यात बसून सगळ्यांची खबर ठेवतो असं. “आन मावशी?” रामभाऊनं विचारलं. “आई आता हितंच. कायमची. आता कशाला जातीय?” स्टोपाशी आई म्हणाली, “कोन ऱ्हातंय हितं! डोळा उघडला की म्या निघाले.” सोपान हसून म्हणाला, “तिचं ऐकू नको. आता ती पुणेकरीण.” हे त्यानं का म्हटलं? खोलीत दहा बाय दहाची जागा होती आणि आईला ती डाचत होती. पण मुलानं आईला पुण्यात आणून ठेवलं, हे वाक्य रामभाऊच्या कानात जावं असं त्याला वाटलं होतं. रामभाऊ गेल्यावर आई म्हणाली, “बना म्हनलास रं. बना कवाच मेली. रतन हाय ती.” दोघं त्यावर हसली होती.

आता त्या हसण्याचा आवाज आठवत सोपान कागदाकडे बघत होता. शाळेच्या फळ्यावरचं ते गोल, उभं अक्षर. आकडे मूळ यादीतून घेतले होते, नावं कानातून. गावात राहणारा गुरुजी, घरोघर जाऊन नोंद करायचा भत्ता घेणारा, शाळेपासून दोनशे पावलांवरच्या वस्तीत गेलाच नव्हता. गेला असता तर दारं दिसली असती. दिवाळीनंतर भट्टीवर जाणारं माणूस दाराला कुलूप घालत नाही. बोराटीची काटी आडवी लावतं, म्हणजे शेरडं-कुत्री आत शिरत नाहीत. काटी लावली याचा अर्थ माणूस येणार. जे घर कायमचं सुटतं त्याची काटी कोणी लावत नाही, त्याचे वासे काढून नेतात. हे करंजदऱ्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. रामभाऊला दार बघायचंच नव्हतं. दार बघितलं असतं तर खोटं लिहावं लागलं असतं. न बघता लिहिल्यामुळं त्याला फक्त ऐकलेलं लिहावं लागलं. सोपानला वाटलं, यात एक नीटनेटकेपणा आहे. आणि असं वाटल्याबद्दल त्याला स्वतःची शिसारी आली.

“मग?” दामले म्हणाले. “ठेवायचं का रतन?” समासातली शाई अजून ओली होती. ‘रतन’वर रेघ मारून ‘मूळ शब्द कायम’ अशी खूण करायला अर्धा सेकंद पुरला असता. ती खूण तो दिवसातून वीस वेळा करत असे. पण वर दामले बघत होते, त्यांना चूक माहीत झाली होती, आणि चूक माहीत असताना ती छापायची ही गोष्ट सोपाननं अकरा वर्षांत केली नव्हती. याच एका गोष्टीवर तो या टेबलापर्यंत आला होता. पूर्वी तो खाली छपाईचे खिळे धुवायचा. ओव्हाळांचं प्रूफ म्हणजे दगडावरची रेघ, असं मालक गिऱ्हाइकांसमोर म्हणत, तेव्हा तो मान खाली घाली. त्यानं प्रुफाच्या खाली सही केली. तारीख घातली. दामल्यांनी पुढचं गाव वाचायला घेतलं. संध्याकाळी पाच वाजता फर्मा मशीनवर चढला आणि त्याच्या आईचं नाव, ‘धोंडाबाई सखाराम ओव्हाळ, स्थलांतर’, दोनशे प्रतींत स्वच्छ उमटलं. बावन्न साली तिला मत होतं पण यादीत नाव नव्हतं, ‘सखारामची बायको’ असं होतं, आणि ते रद्द झालं होतं. सत्तावन्न साली तिनं कारकुनाला तीनदा आपलं नाव सांगितलं होतं, हळू लिही, चुकशील, म्हणून. तिच्याजवळ रेशनकार्ड मुलाच्या नावाचं, घर नवऱ्याच्या नावाचं. तिचं म्हणून छापलेलं नाव एवढं एकाच कागदावर होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि वेल्ह्याला तहसील कचेरीत गेला. कारकून सभ्य होता. हरकती-दाव्यांची मुदत परवाच संपली, तो म्हणाला, तरी अर्ज दिलेत तर साहेबांपुढं ठेवतो, मात्र प्रत्येकाचा वेगळा अर्ज, प्रत्येकाची सही किंवा अंगठा, चार दिवसांत. एकतीस अंगठे उरुळी, लोणंद, मुंबई असे पसरलेले होते. सोपाननं फक्त आईचा अर्ज भरला. कारकुनानं तो वाचून विचारलं, “राहणार पुणे की करंजदरा?” सोपान म्हणाला, “करंजदरा.” “मग आता कुठं आहेत?” “पुण्याला. डोळ्यासाठी.” कारकुनानं अर्जावर टाचणी लावली, आणि त्या टाचणीवरूनच सोपानला कळलं की अर्ज तिथंच राहणार.

परतताना मार्गासनीला एसटीच्या थांब्यावर, चहाच्या छपराखाली रामभाऊ भेटला. शाळा सुटली होती. त्यानं लांबून हात केला, आणि हे सोपानला सगळ्यात कठीण गेलं, तो हात नेहमीसारखाच होता.

“सोपाना! सांगितलं न्हाईस येतोय म्हणून. चहा घे.”

“यादी म्या छापली, रामा.”

“कंची?” रामभाऊ म्हणाला, आणि मग बशी खाली ठेवली. “तुझ्याकडंच आली व्हय? लई छापखानं हायती पुण्यात.”

“एकतीस नावं.”

“म्या खोटं एक अक्षर लिवलं का सांग. तूच म्हणालास, दगडू उरुळीला. तूच म्हणालास, मावशी कायमची हितं. माझ्या मनाचं काय हाय त्यात?”

“काटी लावली व्हती का दारांना?”

रामभाऊनं बशी पुन्हा उचलली. “काटी वाऱ्यानं पडती,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून, “पानशेतच्या पल्याड बदली आली व्हती माझी. कागद निघाला व्हता. पोरगी धा म्हैन्याची, तिला कुठं नेऊ? पुढारी म्हणाले, पेटी तेवढी नीट करा, गुरुजी, कागद आमी बघतो. मारामारी करा न्हाई म्हणाले. यादी फक्त इमानानं करा म्हणाले. इमानानंच केली की.” तो हसला नाही. खरंच त्याला तसं वाटत होतं. “आन तुझ्या येका मतानं, मावशीच्या मतानं दिल्लीत काय व्हणार हाय, सोपाना? शिडीचा वकील तर उभाबी न्हाई यंदा.”

“तू जेवलास आमच्यात.”

“जेवलो. मग? जेवायला का पैसं पडलं?” आणि सोपानचा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, “आरं, तसं न्हाई. मनापासून जेवलो. भूक लागली व्हती.” एसटी आली. पायरीवर चढताना रामभाऊनं त्याचा दंड धरला आणि कानाशी, जवळकीनं म्हणाला, “तुझ्या नावाला म्या हात लावला न्हाई, बरं का. दोस्तीत ठेवलं.”

गाडी नसरापूरच्या वळणाला येईपर्यंत सोपानला या वाक्याचा अर्थ लागला नाही. मग लागला. एकतीस नावांत स्वतःचं नाव त्यानं शोधलंच नव्हतं. दामले वाचत होते तेव्हाही नाही, सही करताना नाही. पंधरा वर्षं पुण्यात राहणारा, वस्तीतला खरोखर सुटलेला माणूस तो एकटा होता. त्याच्या घराला काटी आई लावायची, ती स्वतःची म्हणून. आणि गेलेल्यांतला तो एकटाच मतदार यादीत उरला होता. रामभाऊनं ते कशासाठी ठेवलं असेल? दोस्तीत, हे खरंही असेल. हेच त्याला असह्य वाटलं. पुण्यात उतरेपर्यंत त्यानं रामभाऊला मनात शिव्या द्यायचा प्रयत्न केला, पण प्रत्येक शिवीच्या शेवटी तो रविवारचा स्वतःचा आवाज यायचा, भरभरून, खुशीत, नावामागून नाव सांगणारा.

आईला त्यानं सांगितलं ते अर्धं. नाव निघालंय, अर्ज दिलाय, बघू. “रामानं काडलं?” तिनं विचारलं. तो हो म्हणाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मतदानाच्या आदल्या दिवशी, ती नवा चष्मा लावून, धुतलेलं लुगडं बोचक्यात घालून तयार होऊन बसली. “अर्जाचं उत्तर आलं न्हाई, आई.” “म्हणून तर जायाचं. हितं बसून कसं कळंल?”

दुसऱ्या दिवशी करंजदऱ्याच्या शाळेच्या पटांगणात लिंबाखाली वस्तीतली अकरा माणसं बसली होती. भट्टीच्या मुकादमाकडून एक दिवसाची सुटी काढून, पहाटेच्या गाडीनं आलेली. रामभाऊ नव्हता. गुरुजींना दुसऱ्या गावच्या केंद्रावर नेमतात. अकराही जण एकेकदा आत जाऊन परत आले होते. कोणी भांडलं नव्हतं. दगडू विडी वळत म्हणाला, “आमी गेलो म्हणत्यात, सोपाना. म्या म्हनलं, ह्यो काय समोर उबा हाय. त्यो म्हणतो, कागदावर गेलायस.” एकदोघं हसले. रतनबाई हसली नाही. ती उठून सोपानच्या समोर आली. “माझ्या जाऊबाईनी सांगितलं, रतन, गुरुजीच्या कागदावर तुझं नाव बना म्हणून लागलंय आसं आइकलं, तुझं वाचंल. म्या आशेनं गेले. त्यो म्हणला, न्हाई बाई, रतनच हाय, हितं नीट छापलंय.” तिनं ‘नीट छापलंय’ हे शब्द त्या माणसाच्या आवाजात, जरा शहरी करून म्हटले, आणि तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तिला ठाऊकच नव्हतं. सोपानला सांगता आलं असतं. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि मान पुसली.

आई आत जाऊन आली. दोन मिनिटंही लागली नाहीत. चष्मा काढून तिनं पदरानं पुसला, परत लावला, लिंबाखाली बसली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तू सांगत व्हतास तवा म्या तितंच बसले व्हते. म्या बी हसले. जा आता. तुझं हाय न्हवं? जा. आलायस कशाला मग?”

तो जायला नको म्हणत होता असं नाही. काय करावं हे त्याला खरोखर कळत नव्हतं. आत न जाणं म्हणजे रामभाऊचं दान नाकारणं, पण ते कोणाला दिसणार होतं? आणि जाणं म्हणजे या अकरांच्या समोरून चालत जाणं, तेवढंच. त्यांनी पाय ओढून घेऊन त्याला वाट करून दिली. वर्गात तो जिथं बसायचा तिथंच, दाराला लागून, पहिल्या अधिकाऱ्याचं टेबल होतं. त्याच्या मागं भिंतीशी दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी, पाटलांच्या आळीतली दोन पोरं, याद्या मांडीवर घेऊन बसली होती. अधिकाऱ्यानं चिठ्ठी घेतली, पट्टी लावून यादीत आकडा काढला आणि नियमाप्रमाणं मोठ्यानं वाचलं. आवाज खिडकीतून पटांगणात गेला. “दोनशे सात. सोपान सखाराम ओव्हाळ. वय छत्तीस. राहणार करंजदरा.” मग त्यानं मागं वळून विचारलं, “हरकत आहे कुणाची?”

पोरांनी सोपानकडे बघितलं. बाहेर लिंबाखालच्या अकरांनीही खिडकीकडे माना वळवल्या. अधिकाऱ्यानं नियमापुरता थांबून नावाखाली रेघ ओढली. कुणाचीच हरकत नव्हती.